दुकटायका

"माझ्या तोंडी लागायची हिंमत आजवर कुणाची झाली नाही!" हे वाक्य मावशी ज्या आत्मविश्वासाने म्हणायची, त्या आत्मविश्वासाने लोक स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत. आणि ते खोटंही नव्हतं. उभी हयात तिने शाळेत गणित शिकवलं आणि त्याहून जास्त मन लावून परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा दिला. कॉपी करणारं पोर तिला म्हणे वासावरून कळायचं. मोज्यातून, वेणीतून, कंपासपेटीच्या चोरकप्प्यातून तिने चिठ्ठ्या काढल्या होत्या. एक मुलगा हाताला प्लास्टर घालून आला, तर मावशीने ते टकटक करून वाजवून बघितलं. हात खरंच मोडलेला निघाला. मावशी म्हणाली, "या वेळी सुटलास!"

अशी ही मावशी निवृत्त झाली आणि भाचीकडे परदेशात राहायला आली. निघताना विमा उतरवला होता. त्या विम्यात डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत सगळं होतं, फक्त दात नव्हते.

"दातांचं कशाला?" मावशी विमानतळावरच म्हणाली होती. "माझे दात म्हणजे दगडी कुंपण!"

कुंपणातला एक दगड मुळात बाहेरून आणून बसवलेला होता, हे ती विसरली होती. सुळ्याशेजारची ती जुनी कॅप एका सकाळी कडक टोस्टवर चाल करून गेली आणि धारातीर्थी पडली. ताटलीत टण्णकन आवाज झाला. भाचीला वाटलं चमचा पडला. भाचीच्या नवऱ्याला वाटलं टोस्ट मोडला.

"फारं फोपं आहे," मावशी म्हणाली. तिला म्हणायचं होतं, सारं सोपं आहे. पण 'स' आला की त्या फटीतून नुसता वारा जायचा. दुपारपर्यंत त्या वाऱ्याची शीळ झाली. संध्याकाळी फिरायला गेल्यावर ती भाचीला "सरळ चल" म्हणाली आणि समोरून दोन कुत्री शेपट्या हलवत धावत आली!

भाची तिला कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने तोंडात डोकावून पाहिलं, हळहळला आणि खर्चाचा आकडा सांगितला. भाचीने तो मराठीत सांगितला, तेव्हा मावशी खुर्चीतच ताठ झाली.

"विचार त्याला, दात बसवायचाय की दवाखाना विकत घ्यायचाय?"

भाचीने विचारलं नाही. घरी आल्यावर भाचीच्या नवऱ्याने एक ट्यूब पुढे केली. "मावशी, हा गोंद बघा. खुर्चीचा पाय यानेच बसवलाय. अजून हललेला नाही."

"जावईबापू, मी खुर्ची आहे का?"

जावई ट्यूब घेऊन आत गेला. मग भाचीला कुणीतरी सांगितलं, की शहराच्या टोकाला दाताच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. तिथे शेवटच्या वर्षाची मुलं उपचार करतात, मोठे डॉक्टर मागे उभे राहून लक्ष ठेवतात आणि खर्च अगदी किरकोळ. अट एवढीच, की कॅप बसवायचं काम मुलांच्या परीक्षेत होतं. म्हणजे पेशंट हीच प्रश्नपत्रिका!

"चालेल का तुला?" भाचीने भीतभीत विचारलं.

मावशीच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी तेज आलं. "परीक्षा? अगं, मी माहेरी चाललेय असं समज!"

तिच्या वाट्याला आलेली विद्यार्थिनी इतकी बारीक होती, की तिच्या अंगावरचा पांढरा एप्रन खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. आवाजही तसाच. मावशीने तिचं नाव ठेवलं चिमणी. पहिल्या खेपेला चिमणीने दाताचा साचा घेतला. भाची शेजारी बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होती. काम तसं थोडं होतं, पण फार वेळ लागला. कारण चिमणी आरसा तोंडात घालायची आणि मावशीला काहीतरी आठवायचं. बहिणीचं बाळंतपण, शाळेतला मुख्याध्यापक, रिक्षावाल्याशी झालेलं भांडण. आरसा बाहेर, गोष्ट पूर्ण, आरसा आत, नवी गोष्ट!

निघताना चिमणीने भाचीला बाजूला घेतलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते. परीक्षेला नातेवाइकांना हॉलमध्ये सोडत नाहीत. या आजींना तोंड उघडा, बंद करा, दुखतंय का, हे मी सांगणार कसं? आणि ही परीक्षा बुडाली तर वर्ष जाईल.

भाचीला दया आली. दोघींनी मिळून एक तोड काढली. मावशीला तिचा पत्ता लागू द्यायचा नाही असंही ठरवलं, कारण मावशीला कळलं असतं तर तिने तोंड उघडं ठेवायचं सोडून गप्पाच मारल्या असत्या.

परीक्षेच्या दिवशी भाची बाहेर व्हरांड्यात थांबली. मावशी एकटी आत गेली. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत आडवा पडलेला एक पेशंट आणि प्रत्येकाच्या डोक्याशी घाम पुसणारा एक परीक्षार्थी. मधून हात मागे बांधून फेऱ्या मारणारे एक मिशाळ परीक्षक. मावशीला अगदी आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं! खुर्ची नंबर बारावर ती ऐटीत आडवी झाली.

चिमणीने कानापर्यंत कापडी टोपी ओढली होती, तोंडावर मास्क होता. ती क्षणभर थांबली, जणू कुणाचं तरी ऐकते आहे. मग मास्कमधून म्हणाली, "अ-करा."

आँ? मावशीला नवल वाटलं. म्हणजे अकराला इथेही अकराच म्हणतात! पण पोरीचं गणित चुकलं होतं आणि चुकलेलं गणित मावशीला सहन होत नसे. तिने खुर्चीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं आणि ठासून म्हणाली, "अकरा नाही, बारा!"

'बारा'तला शेवटचा 'रा' उघडा होता तेवढ्यात चिमणीने आरसा आत घातला.

पहिलं इंजेक्शन झालं. दात घासायचं यंत्र घुईं करून फिरायला लागलं. जरा वेळाने ते थांबवून चिमणीने विचारलं, "दुकटायका?"

मावशीने विचार केला. हे बहुधा पुढच्या हत्याराचं नाव असावं. पोरगी परवानगी मागते आहे. संस्कार चांगले दिसतात! तिने पापण्या मिटून राजेशाही मान हलवली. आण बाई, दुकटायका.

चिमणीने तत्परतेने आणखी एक इंजेक्शन दिलं.

असं आहे होय दुकटायका! मावशीला ते फारसं आवडलं नाही. पण परीक्षार्थीला हवं ते साहित्य मिळायलाच पाहिजे, हा तिचा उभ्या आयुष्याचा नियम. थोड्या वेळाने पुन्हा, "दुकटायका?" पुन्हा मान. पुन्हा सुई. "दुकटायका?" मान. सुई. चिमणीचा चेहरा रडवेला होत चालला होता आणि मावशीचा चेहरा तर नाहीसाच होत चालला होता. आधी ओठ गेला. मग गाल गेला. मग जीभ गेली. नाक जागेवर आहे की नाही, हे बघायला मावशीने हळूच हात नेला. होतं. पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी लागत होतं.

आणि तेव्हाच मावशीला तो वास आला.

चिमणी बोलायच्या आधी दर वेळी थांबत होती. मान किंचित डावीकडे कलायची. डोळे वर जायचे. मग शब्द यायचे. मावशीने हे हजार वेळा पाहिलं होतं! ही पोरगी ऐकत होती! तिने डोळे बारीक केले. टोपीच्या कडेखाली, डाव्या कानात, शेंगदाण्याएवढं काहीतरी पांढरं चमकलं.

कॉपी! कानातून कॉपी! कुणीतरी बाहेर बसून उत्तरं सांगत होतं आणि तीही माझ्या तोंडाच्या परीक्षेत!

मावशीच्या मनात जुंपली. पोरगी गुणी होती, गरीब वाटत होती. शिवाय दात अर्धाच झाला होता. तक्रार केली तर ही हाकलली जाणार आणि आपण दोन देशांतल्या कुत्र्यांना बोलावत फिरणार. पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

चिमणीने नव्या कॅपला मसाला लावला, कॅप दातावर चढवली आणि वाकून म्हणाली, "गटचावा."

मावशीने गट चावला नाही. तिने झेप घेतली. टोपीला हिसका बसला, कानातला शेंगदाणा निसटला आणि वाकलेल्या चिमणीच्या कानातून थेट मावशीच्या उघड्या तोंडात पडला!

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. मावशीने जबडा मिटला. गच्च! मुद्देमाल जप्त!

चिमणीने रिकामा कान चाचपला. मग ती गयावया करायला लागली. तिने मास्क खाली ओढून बोटांनी तोंड उघडून दाखवलं, हात जोडले. मावशीने मान हलवली आणि मिशाळ परीक्षकांकडे बोट रोखलं. मुद्देमाल फक्त वरिष्ठांच्या हाती दिला जाईल. मध्ये कुणी नाही!

परीक्षक आले. त्यांनीही तोंड उघडायला सांगितलं. मावशीला आधी आरोप मांडायचा होता. तोंड न उघडता आणि बधिर जिभेने तिने तो मांडला, "म्म्म! म्म्म्म म्म!" शेवटी तिने स्वतःच्या कानाकडे, चिमणीकडे आणि आपल्या गालाकडे बोट दाखवलं. परीक्षकांना वाटलं, कान दुखतोय. शेजारच्या खुर्च्यांवरची मुलं आपापले पेशंट सोडून बघायला आली. त्यांचे पेशंटही आ वासून बघत राहिले, त्यांना तसंही दुसरं काही करता येत नव्हतं.

घाबरलेल्या चिमणीने एप्रनच्या खिशातून फोन काढला. तिने काय दाबलं देव जाणे, हॉलभर खणखणीत आवाज घुमला, आधी तिकडच्या भाषेत आणि मग मराठीत.

"हॅलो? काय गं, झालं का? बोलतेय का ती अजून? मग तिला सांग, 'मावशी, जरा गप्प बसा!' अगदी सोपं आहे. म्हण माझ्यामागून. माव... शी... जरा... गप्प..."

त्या अख्ख्या हॉलमध्ये ते मराठी वाक्य कळणारी एकच व्यक्ती होती. आणि ती गप्पच बसली होती.

मग दार ढकलून भाचीच आत धावत आली. तिने चिमणीचं रडणं पाहिलं, मावशीचा फुगलेला गाल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, तोंड उघड! अगं कॉपी नाही ती, मीच आहे! मी बाहेरून तिला मराठी शब्द सांगत होते! या सरांना विचारून, त्यांच्या परवानगीने! आम्ही ते सरांपासून नाही, तुझ्यापासून लपवलं होतं!"

मावशीच्या भुवया वर गेल्या.

"आणि तुला होतंय तरी काय? बिचारी कधीची विचारतेय, दुखतंय का, दुखतंय का, तर तू आपली हो, हो! इंजेक्शनं संपत आली तिची!"

दुखतंय का. दुखतंय-का. दुक-टाय-का!

मावशीचा जबडा आपोआप खाली आला. भाचीने तळहात पुढे केला आणि मुद्देमाल त्यावर गळला. मावशीने चिमणीकडे पाहिलं. पोरीचं नाक लाल झालं होतं. परक्या भाषेतले शब्द जीभ मोडून पाठ करत होती ती, कशासाठी, तर मला दुखू नये म्हणून. आणि आपण तिला चोर ठरवलं! मावशीला इतकं ओशाळं वाटलं, की बधिर नसता तर तिचा चेहरा पडला असता.

परीक्षकांनी हातमोजे चढवले. आरसा घातला. चिमणीने डोळे घट्ट मिटून घेतले. परीक्षकांनी नवी कॅप चिमट्याने हलवून पाहिली. हलेना. जोर लावला. कॅपऐवजी मावशीच वर आली! ते काहीतरी बोलले आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"काय म्हणाले?" असं मावशीने डोळ्यांनी विचारलं.

"म्हणतात, कॅपचा मसाला सुकेपर्यंत दात गच्च दाबून ठेवावे लागतात. पेशंट कंटाळतात, सैल सोडतात. पण इतकी पक्की बसलेली कॅप त्यांनी आजवर पाहिली नाही. पास झाली ती! वर्गात पहिली!"

चिमणी रडता रडता हसली आणि मावशीच्या गळ्यात पडली. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवून तोंडभर आशीर्वाद दिला. तो कुठल्याच भाषेत नव्हता, पण चिमणीने वाकून घेतला.

घरी आल्यावर मावशी जेवायच्या टेबलाशी बसली. जीभ अजून परत आलेली नव्हती. खिडकीबाहेरून जाणाऱ्या गाडीचा आवाज येत होता, भिंतीवरच्या घड्याळाचा येत होता. या घरात घड्याळ वाजतं हे जावयाला आजच कळलं. त्याने सावकाश पाणी प्यायलं, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, मग बायकोकडे झुकून हळूच विचारलं,

"काय गं, हे इंजेक्शन औषधांच्या दुकानात मिळतं का?"

पण मावशीची जीभ बधिर झाली होती, कान नव्हते! तिने चमचा खाली ठेवला आणि जावयाला उत्तर दिलं. चांगलं लांबलचक, हातवाऱ्यांसकट. त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही.

तरी जावयाने जेवण होईपर्यंत मान वर केली नाही.