अल कुसैसचा किल्ला

वाचकहो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. दुबईत कित्येक वर्षं इमारती उभ्या करतोय आणि त्यातली एकही अजून पडलेली नाही! त्यामुळे २००४ च्या दिवाळीत आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी, म्हणजे तनिषने, "बाबा, व्हॉट इज अ किल्ला?" असं विचारलं, तेव्हा मला आधी धक्का बसला आणि मग चेव आला.

ज्याच्या बापाने साताऱ्यात सलग तीन वर्षं आळीत पहिला नंबर काढला, त्याच्या पोराला किल्ला माहीत नाही! दोष पोराचा नव्हता. जन्म इथला, शाळा इथली. दिवाळी म्हणजे त्याच्या लेखी बाल्कनीतली लुकलुकणारी माळ आणि आईच्या चकल्या. मी जाहीर केलं, "यंदा आपल्या बाल्कनीत किल्ला होणार. बुरूज, तटबंदी, खंदक, सगळं!"

"रिअली?" तनिषचे डोळे हे एवढे झाले. तासाभरात त्याने आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या पोरांना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किल्ला बघायला बोलावूनही टाकलं. चौदा पोरं! शिवाय त्यांच्या आया.

"माती कुठून आणणार?" आमच्या सौ. विभावरीने विचारलं.

"अगं, वाळवंटात राहतो आपण!"

"ती वाळू आहे."

"माती काय, वाळू काय! इंजिनिअर कोण आहे?"

ती चकलीच्या सोऱ्याकडे वळली. लग्नाला दहा वर्षं झाली की बायका वाद घालत नाहीत, नुसती वाट बघतात.

बुधवारी संध्याकाळी मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून सहा पोती वाळू आणली. लिफ्टपाशी वॉचमन बदरुद्दीनने अडवलं.

"साब, ये क्या है?"

"किला बनाना है."

"किधर?"

"चौथे फ्लोअर पे."

बदरुद्दीनचा चेहरा पडला. "साब, ओनर से पूछा? परमिशन लगेगा ना!"

"दिवाली का है, हबीबी. छोटा किला!" असं म्हणून मी लिफ्टचं दार लावलं. मागे लिफ्टपासून गेटपर्यंत वाळूची अशी रेघ पडली होती की बिचारा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाडत होता.

किल्ला मात्र झाला बरं का! ओल्या वाळूचे चार बुरूज, महादरवाजा, गावाहून आलेले प्लास्टिकचे बारा मावळे. तनिषने बूट काढून सॅल्यूट ठोकला. जेवायला बसलो आणि बाल्कनीतून 'फस्स' असा आवाज आला. एसीच्या गरम हवेने वाळू सुकली आणि उत्तरेचा बुरूज बसला. पाठोपाठ महादरवाजाने मान टाकली.

"बाबा, इट्स फॉलिंग!"

"पडत नाहीये, सेटल होतोय," मी म्हणालो. साइटवर आम्ही असंच म्हणतो.

आता खरा इंजिनिअर जागा झाला. काँक्रीट वाळून तडकू नये म्हणून आपण काय करतो? गोणपाट टाकून सतत पाणी मारतो. क्युअरिंग! सकाळी पडलेले बुरूज पुन्हा उभे केले, वर ओलं गोणपाट टाकलं, नळाला पाइप लावून बारीक धार सोडली आणि बाल्कनीचं दार ओढून ऑफिसला गेलो. कुणालाही काही न सांगता. चांगली कामं गाजावाजा न करता करावीत असं आमचे वडील म्हणायचे.

साडेबाराला विभावरीचा फोन. "ताबडतोब घरी या."

"काय झालं? किल्ला पडला?"

"गेला."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"खाली. मरियमचाचींच्या बाल्कनीत!"

मरियमबी म्हणजे आमच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमधल्या. दापोलीकडच्या. मुलगा रफिक इथे बंदरात कामाला, नातू मोईन तनिषच्या वर्गात. त्या वर्षी दिवाळी भर रमजानात आली होती, ईद एक-दोन दिवसांवर. चाचींनी ईदचे सगळ्यांचे पांढरेशुभ्र कुर्ते धुऊन, स्टार्च करून बाल्कनीत वाळत घातले होते. आणि आमच्या बाल्कनीचं पाणी वाहून जायचा पाइप नेमका त्यांच्या दोरीवर सुटत होता! सहा पोत्यांतली तीन तरी पोती वाळू त्या कुर्त्यांवरून ओघळली होती.

मी हातात लाडवांचा डबा घेऊन खाली गेलो. दार चाचींनीच उघडलं.

"चाची, फार मोठी चूक झाली. आधी हा लाडू घ्या, तोंड गोड..."

"रोजा आहे रे बाबा माझा."

मी डबा पाठीमागे लपवला. माझ्या मागे तनिष येऊन उभा राहिला होता. चाचींनी एक वाळूने माखलेला कुर्ता उचलला, त्याच्या खिशात हात घातला आणि एक मावळा बाहेर काढला. ढाल-तलवारीसकट!

"हा तुमचा काय?"

"हो," मी म्हणालो.

"किल्ला करत होतास?"

"हो."

"वाळूचा?"

आता मी नुसतीच मान हलवली.

"तू गावचा कुठला रे?"

"साताऱ्याचा."

"साताऱ्याचा असून वाळूचा किल्ला!" चाचींना कुर्त्यांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं असावं. तेवढ्यात तनिषचा बांध फुटला. "दादी, फोर्टीन पीपल आर कमिंग टुमारो! आय टोल्ड एव्हरीवन!"

चाचींनी त्याच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या त्यांच्या मोगऱ्याच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांकडे पाहिलं. त्या कुंड्यांत लाल माती होती. गावाला गेल्या की दर खेपेला कॉफीच्या डब्यातून थोडी थोडी आणलेली. त्या मातीला त्या कुणाला बोट लावू देत नसत, मोईनलासुद्धा!

"उचल त्या कुंड्या," त्या मला म्हणाल्या.

"चाची, नको. एवढ्या वर्षांची माती..."

"माती कुठे पळते? दिवाळी झाली की परत आण. झाडं राहतील दोन दिवस बादलीत. गावी आमच्या शेजारच्या सबनिसांच्या अंगणातला किल्ला दर वर्षी मीच करायची. चल, यल्ला!"

वाचकहो, अख्खा दिवस पाण्याचा घोट न घेतलेली बासष्ट वर्षांची बाई आमच्या बाल्कनीत फतकल मारून बसली. दोन बादल्या उलट्या घातल्या, त्यांवर तांदळाचं रिकामं पोतं पांघरलं आणि माती थापायला लागली. तनिष आणि मोईन कोपरापर्यंत लाल. आत विभावरी कुर्ते पुन्हा धूत होती.

"चाची, इथे थोडा स्लोप दिला तर..." मी म्हणालो.

"तू हात लावू नको. पाणी आण. तांब्याने!"

मी तांब्याने पाणी आणलं. लाल मातीचा डोंगर उभा राहिला, वर तट, तटावर बुरूज. त्या मातीचा वास मी अकरा वर्षांत घेतला नव्हता. मग्रिबची अजान झाली. चाचींनी हात धुतले, आमच्याच स्वयंपाकघरात खजुराने रोजा सोडला आणि त्यावर विभावरीची करंजी खाल्ली. "सारण झकास जमलंय," म्हणाल्या. कुर्त्यांबद्दल एक शब्द नाही! कसाबसा "चाची, थँक्यू," म्हणालो. इतका अपुरा शब्द मी आयुष्यात वापरलेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चौदा पोरं आली, त्यांच्या आया आल्या, वर बदरुद्दीनही डोकावून गेला. किल्ल्याभोवती पणत्या लागल्या होत्या आणि चाची खुर्चीत बसून पोरांना चोरदरवाजा दाखवत होत्या. तनिषची मान अशी ताठ की ती बघूनच माझं पोट भरलं.

पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनींनी विचारलं, "तनिष, किती सुंदर रे! कुणी केला?"

"मरियम दादी, मोईन अँड मी!"

"आणि बाबांनी काय केलं?"

तनिष विचारात पडला. पोराचं माझ्यावर प्रेम आहे, माझी बाजू सावरायची त्याची मनापासून इच्छा होती.

"बाबा वॉज व्हेरी गुड," तो म्हणाला. "ही डिडन्ट टच एनिथिंग."

मी तोंडात चकली टाकली आणि मान डोलावली. पोरगं खरं तेच सांगत होतं.