एका बोलीची दोन घरे

गिरणीचा पहाटेचा भोंगा विरला, की सोलापुरातल्या आमच्या चाळीत फोडण्यांचे वास एकमेकांना खेटत जिना उतरू लागत. लक्ष्मक्कांची चिंच-अंबाडी, खैरूनबींचा भाजका मसाला, दामजीभाईंचे हिंगतूप, माझे खोबरे. दोन वास कधी सारखे नसत. कारण घरमालकीण रुद्रव्वांचा दंडकच होता : एका बोलीची दोन घरे चाळीत नकोत.

जात त्या विचारत नसत, भाडे थकले तरी थांबत, पण "घरात काय बोलता?" हा प्रश्न कुणाला चुकला नाही. एकाहत्तरच्या शिरगणतीला आलेले गुरुजी दारागणिक मातृभाषा बदलून घामाघूम झाले, तेव्हा अव्वा पदर खोचून म्हणाल्या, "लिवा की सावकाश. हितं दोन सारके गावनार न्हाईत."

"पूरा मुलुख भरको रखे, अव्वा!" खैरूनबी हसल्या.

मला मात्र हसू येईना. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा इथे गिरणीत लागला होता. शांता अक्कलकोटला सासरी, कडेवर तान्हे मूल. आणि आमच्या शेजारची खोली रिकामी.

"अव्वा, ती खोली शांतेला द्या ना."

"कोकणीचं तुजं घर हाय की एक."

"अहो, ती काय लोणच्याची बरणी आहे? सख्खी बहीण आहे माझी!"

"म्हणूनच नगं. दोगी एका बोलीच्या झाल्या की कुजबुजत्यात, आन् तिसरी भिताडाकडं बगत बसती. मी कानडी, नवरी म्हणून आले तवा हितं समद्या मराठी. लई बगितलंय भिताड."

महिनाभर हेच. अखेर वैतागून मी शांतेलाच बोलावून घेतले. म्हटले, हिच्या तोंडावर नाही म्हणा.

अव्वा भाकरी थापत होत्या. शांता उंबऱ्याशी टेकली आणि सासूच्या हाताखाली मुरलेल्या कानडीत म्हणाली, "ऊटा आतेन् री, अव्वा?" जेवलात का, एवढेच.

परातीतली थाप थांबली. तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी अव्वा तिच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. मग बोलू लागल्या. भरभर, एखादा शब्द अडला तर डोळे मिटून तो शोधत. हसल्या, मनगटाने डोळे पुसले, पुन्हा बोलल्या. बोलता बोलता पिठाच्या हातांनीच कमरेची किल्ली सोडून त्यांनी शांतेच्या पदरात टाकली.

मला अक्षर कळत नव्हते.

"म्हणजे खोली दिली ना, अव्वा?" न राहवून मी विचारले.

माझ्याकडे न पाहताच त्यांनी हात वर केला.

"थांब."