हैबतरावांचे रजेतले नाल

एका जंगलात, आणि ते तुमच्या शाळेपासून फार लांब नव्हतं बाळांनो, हैबतराव नावाचा घोडा सिंहमहाराजांची डाक वाहायचा. आठ महिने पळायचं, चार महिने रजा.

डाकेच्या दिवसांत ठकूबाई अस्वलीण दर दीड महिन्याला त्याचे नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकायची; रजा लागली की नुसते काढायची. जंगलातली ती एकटीच नालबंद. खूर मांडीवर घ्यायची, पकडीने खिळे उपसायची, वाढलेला खूर तासायची, कानशीने कड गोल करायची. मग म्हणायची, "जा आता अनवाणी गवतात. दीड महिन्याने परत ये, पुन्हा तासते."

एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टींनी शहाण्यांचं पोट भरत नाही.

एका वर्षी रजेच्या दुसऱ्याच दिवशी हैबतराव पाणवठ्यावर गेला. एरवी खडकावर त्याच्या टापा खणखणल्या की ससे उठून वाट द्यायचे. आज आवाजच नाही. ससे बसून राहिले. एक गाढव तर मान वर न करता म्हणालं, "ए पाहुण्या, जरा तिकडं सरक. कुठल्या वीटभट्टीवरचा रे तू?"

हैबतरावाला पाणी गोड लागेना. तो तडक ठकूबाईच्या दारात.

"मावशी, नाल परत ठोका."

"का रे, रजा संपली?"

"रजा आहे. पण नालांशिवाय मला कोणी ओळखत नाही."

"मग तोंड दाखव की. चांगलं हातभर लांब दिलंय देवाने."

"चेष्टा नको, मावशी."

"चेष्टा कसली? खूर रोज वाढतो, बाबा. नाल वाढत नाही. चार महिने काढला नाही तर खूर त्याच्यावरून वाढेल आणि नाल आतल्या आत रुतेल. रजा तुला मिळाली, खुरांना कोणी दिली?"

हैबतरावाला हे अपमानास्पद वाटलं. तो कारभारी कोल्ह्याकडे गेला. कोल्ह्याने लगेच हुकूम लिहिला: "डाकेचा घोडा रजेतही रुबाबात दिसावा. नाल ठोकावेत. रजा संपेपर्यंत काढू नयेत." खाली पंजाचा शिक्का.

ठकूबाईने हुकूम दोनदा वाचला आणि हातोडी उचलली. "घे," ती म्हणाली. "पाय तुझे, अक्कल कोल्ह्याची. मधे मी कोण?"

पहिला महिना मजेत गेला. हैबतराव दिवसभर खडकावरून येरझाऱ्या घालायचा. दुसऱ्या महिन्यात एक खिळा ढिला झाला. तिसऱ्यात तो लंगडू लागला. कोणी विचारलंच तर सांगायचा, "ही दरबारी चाल आहे." चार दिवसांत तीन गाढवं तसंच लंगडत चालू लागली. एकटा असला की मात्र तो पुढचा उजवा पाय अधांतरी धरून उभा राहायचा आणि दात आवळायचा.

रजा संपली. पाठीवर डाकेची थैली चढली. तिच्यात नदीपलीकडच्या हरणांना निरोप होता: शिकारी निघालेत, डोंगरावर सरका. दुसऱ्या ओढ्यापाशी हैबतराव खाली बसला तो उठेचना.

निरोप चौथ्या दिवशी पोहोचला. शिकारी तिसऱ्या दिवशी पोहोचले होते.

चौकशी बसली. कोल्ह्याने विचारलं, "नाल कोणी ठोकले?"

"मी," ठकूबाई म्हणाली. "हुकूम तुमचा होता."

"हुकूम नाल ठोकण्याचा होता, खूर वाढवण्याचा नव्हता. खूर रजेच्या काळात विनापरवाना वाढले. त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचं? नालबंदाने."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकूबाईने हैबतरावाकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, फार मोठंही नव्हतं. तो समोरच्या झाडाकडे पाहत राहिला.

निकाल लागला. ठकूबाईची हत्यारं जप्त झाली आणि डाकेची थैली तिच्या पाठीवर आली. खुरांच्या दुखण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नसल्यामुळे हैबतराव नव्या खूरनिगा खात्याचा प्रमुख झाला. बसायला मऊ गादी, दोन वेळा हरभरे, पळायचं नाही.

पण पाय ठणकायचा तो ठणकायचाच. एका सकाळी ठकूबाई थैली घेऊन दारावरून चालली होती.

"मावशी, एवढे नाल काढा हो. राहवत नाही."

"हत्यारं तुझ्याच खात्यात कुलपात आहेत. अर्ज कर."

"खात्याचा प्रमुख मीच आहे."

"मग उत्तर लवकर येईल," ठकूबाई म्हणाली आणि थैलीचा पट्टा आवळू लागली.

हैबतरावाने अर्ज लिहिला. मग गादीवर नीट बसून, प्रमुख म्हणून तो वाचला. अर्जातला शब्दन् शब्द खरा होता. मंजुरीचा शिक्का त्याने जवळही ओढला. तेवढ्यात त्याची नजर दाराबाहेर गेली. नाल निघतील, खूर तासले जातील, तीन-चार महिन्यांत पाय बरा होईल. आणि पाचव्या महिन्यात तो पट्टा कोणाच्या पोटाखाली आवळला जाईल?

त्याने समासात लिहिलं: "अर्जदार रुबाबात दिसतो. तक्रारीत तथ्य नाही."

उजवा पाय उचलवत नव्हता, म्हणून नामंजुरीचा शिक्का त्याने डाव्याने मारला.

तात्पर्य: बाळांनो, रजेत खुरांची निगा मुळीच राखू नये. चार पायांवर सरळ उभा असलेला कोणी दिसला की त्याच्या पाठीवर थैली ठेवायची राजाला आठवण होते. पाय दुखत असेल तर बरा करण्याची घाई करू नका, आधी त्याच्यावर कोणतं पद मिळतं ते विचारून घ्या. आणि खूर तासण्याची कला अवगत असेल, तर ती कोणाला कळू देऊ नका.