सुखना तलावावरील नौकेच्या इंजिनाबाबत

चंडीगडच्या सुखना तलावावर मान्यवर पाहुण्यांना फिरवून आणण्यासाठी एक मोटारनौका असावी, असा निर्णय १९७३ साली तत्त्वतः घेण्यात आला. तत्त्वतः म्हणजे नौका नव्हती, ती बांधणारा नव्हता, चालवणारा नव्हता. पण नौकेला इंजिन पेट्रोलचं बसवावं की डिझेलचं, एवढा एकच प्रश्न शिल्लक आहे, असं सर्वांचं मत होतं. तो प्रश्न सोडवायला समिती नेमली आणि तिचा सदस्य-सचिव मला केलं.

मी श्रीपाद रत्नपारखी, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा. केंद्राच्या हिशेब खात्यातून इकडे उसनवारीवर आलेलो. आमच्या गावापासून समुद्र इतका लांब, की माझ्या आजोबांनी तो पाहिला नाही, वडिलांनी पाहिला नाही आणि मी पाहिला तो कॅलेंडरवर. पण आमचे साहेब भनोत यांच्या भूगोलात महाराष्ट्र म्हणजे बंबई आणि बंबई म्हणजे समुंदर. "रत्नपारखी जी, आप तो पानी के आदमी हो," ते म्हणाले. मी सांगितलं, की साहेब, आमच्याकडे पाणी विहिरीत असतं, तेही मार्चपर्यंत. ते प्रेमाने हसले. माणूस नम्र आहे, असं त्यांनी मनाशी नोंदवलं असावं.

आता माझी गोम सांगतो. माझी अकोल्याला बदली झाली होती. हुकूम निघाला होता! पद्मिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, दोन ट्रंका बांधून दाराशी ठेवल्या होत्या. वडील थकले होते. एकदा सगळे घरी या, एवढंच त्यांचं मागणं होतं. आमची मंजिरी नऊ वर्षांची. मराठीत विचारावं तर उत्तर हिंदीत, रागवावं तर उत्तर पंजाबीत. आणखी काही वर्षं इथे काढली असती, तर आजोबांशी बोलायला तिला दुभाषा लागला असता. मला घरी जायचं होतं, बस्स. पण हुकुमाखाली भनोतसाहेबांनी स्वहस्ते एक ओळ लिहिली : इंजिनाचा निर्णय झाल्यावर यांना मोकळं करावं.

मी म्हटलं, हात्तिच्या! दोनातून एक तर निवडायचं आहे. आठवड्यात उरकतो.

हे शहर दोन राज्यांची राजधानी आहे आणि स्वतः तिसऱ्याच कुणाचं आहे, हे मी विसरलो होतो. राज्यांच्या वाटणीत इथे सगळं पंजाबला साठ, हरियाणाला चाळीस असं वाटलं गेलं. त्यामुळे आमच्या समितीत पंजाबकडून आलेले ढिल्लोंसाहेब होते आणि हरियाणाकडून आलेले दहियासाहेब. दोघेही सज्जन, दोघेही डब्यातलं दुसऱ्याला देऊन मग खाणारे. फक्त एकाने पूर्व म्हटलं, की दुसऱ्याला पश्चिम म्हणावंच लागे. त्यासाठीच सरकारने त्यांना पाठवलं होतं.

"डीज़ल," ढिल्लों पहिल्याच बैठकीत म्हणाले. "हमारे हर पिंड में, हर गाँव में ट्रैक्टर है जी. इंजन बिगड़े तो वहाँ का कोई भी मुंडा, कोई भी लड़का ठीक कर देगा. और पेट्रोल का धुआँ-भाप नाव के पेट में जमा होता है. किसी मेहमान ने सिगरेट जलाई तो मेहमान सीधा स्वर्ग में!"

"और डीज़ल की कालिख?" दहिया म्हणाले. "सफ़ेद कपड़ों में जाएँगे, काले होकर लौटेंगे. फिर वज़न देखो. आधी नाव तो इंजन ही खा जावेगा. पेट्रोल हल्का है, चुप रहता है, एक झटके में चालू होता है."

दोघांचंही खरं होतं. तीच तर पंचाईत होती. एकाचं खोटं असतं तर दुसऱ्याचं मान्य करता आलं असतं. भनोतसाहेबांनी चहा मागवला आणि दोन्ही मतं अत्यंत मोलाची असल्याने निर्णय पुढे ढकलला.

मग प्रत्यक्ष पाहणी करावी असं ठरलं. जूनच्या उकाड्यात समिती सहकुटुंब श्रीनगरला गेली. मला नेलं नाही. दफ्तर सांभाळायला कुणीतरी पाण्याचा माणूस हवा होता. पाहणीचा निष्कर्ष असा निघाला : दल सरोवरातल्या शिकाऱ्यांना इंजिनच नसल्यामुळे तुलना करता आली नाही, सबब नैनितालही पाहावं. नैनिताल पाहिलं. तिथे शिडाच्या होड्या होत्या. तुलना पुन्हा हुकली. परत आल्यावर भनोतसाहेबांनी मला अक्रोडाची एक पिशवी दिली. ती पद्मिनीने ट्रंकेवर ठेवली, अकोल्याला न्यायला.

हिवाळ्यात पेट्रोलचे भाव भडकले. स्कूटरवाले स्कूटर ढकलत ऑफिसात येऊ लागले. मला आनंद झाला, देवा शप्पथ! सगळा देश हळहळत होता आणि मी मनात म्हणत होतो, आता डिझेल ठरलंच. त्याच बैठकीत कुणीतरी जुना नियम काढला. हे शहर ज्यांनी आखलं, त्यांनी लिहून ठेवलं आहे, की तलावावर शांतता राहावी, तिथे इंजिनाचा आवाज होऊ नये.

खोलीत शांतता पसरली, नियमात अपेक्षित होती तशीच. मी हळूच म्हणालो, "साहेब, तर मग इंजिनच नको. वल्ह्यांची नाव घेऊ आणि विषय मिटवू."

भनोतसाहेबांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "रत्नपारखी जी, इंजन लगाना है, यह तय हुआ है. चलाना है, यह किसने तय किया?"

अशा रीतीने पेच सुटला. इंजिन बसवायचं पण सुरू करायचं नाही. नाव चार वल्हेकऱ्यांनी वल्हवायची. मला वाटलं, आता काय, जे चालणारच नाही त्याला तेल कुठलं का असेना! इथेच मी चुकलो. इंजिन चालणार होतं तोवर निदान खर्च, धूर, वजन असलं काहीतरी मोजता येत होतं. आता वाद निव्वळ तत्त्वाचा झाला आणि तत्त्वावर माघार कोण घेणार? ढिल्लों म्हणाले, बंद इंजिन डिझेलचंच शोभतं, त्याला भारदस्तपणा असतो. दहिया म्हणाले, बंद पडायचंच असेल तर पेट्रोलचं इंजिन डिझेलपेक्षा शांतपणे बंद पडतं.

घरी येऊन मी हे पद्मिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "अहो, नाव कुठाय पण?" तिने विचारलं.

"नाव अजून बांधायची आहे."

"म्हणजे बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "मी ट्रंका सोडू का? हिवाळ्याचे कपडे आत अडकलेत."

"सोडू नकोस!" मी ओरडलो. शेजारच्यांच्या घरातला रेडिओ क्षणभर बंद झाला.

शेवटी तोडगा निघाला तो या शहराच्या रक्तातलाच. इंजिनं दोन बसवायची. साठ टक्के ताकद डिझेलची, उजवीकडे. चाळीस टक्के पेट्रोलची, डावीकडे. दोन्ही सदस्य उठून एकमेकांच्या गळ्यात पडले. मी म्हटलं, की साहेब, चुकून सुरू झालीच तर एक बाजू जास्त ढकलेल, नाव सरळ जाणार नाही, गोल फिरेल.

"लेक का चक्कर ही तो लगाना है जी," ढिल्लों म्हणाले. "अपने आप लग जाएगा."

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. मला मोकळं करण्याचा हुकूम टाइप झाला. भनोतसाहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. नावेचं उद्घाटन झालं, की तिथेच काठावर समारंभपूर्वक सही करून देणार होते. नाव बांधून यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं तलावाच्या बांधावर फिरायला गेलो. मंजिरी आइसक्रीमसाठी रुसली होती. पद्मिनी कठड्याशी थांबली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"अहो, ती म्हैस पाहा."

पार आत, जिथे आमची नाव मान्यवरांना घेऊन जायची होती, तिथे एक म्हैस उभी होती. पोहत नव्हती. उभी होती. तिचे गुडघे कोरडे होते.

"पाणी हाय किती इथे?" पद्मिनीने विचारलं.

डोंगरातून दर पावसाळ्यात माती येते आणि तळाशी बसते, हे चंडीगडात सगळ्यांना ठाऊक होतं. पण इंजिनाच्या चर्चेत मातीचा संबंध कुठे येत होता? सकाळी धावत जाऊन मी भनोतसाहेबांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "देखिए, पानी की ऊपरी सतह हमारे पास है. तला दूसरी शाखा के पास है. हम उनके काम में दखल नहीं देते."

त्यांच्या खिशातून माझ्या हुकुमाचं टोक दिसत होतं. मी गप्प बसलो. तुम्हीही बसला असता.

दिल्लीहून मोठे पाहुणे आले, सपत्नीक, शुभ्र कपड्यांत. नारळ माझ्या हातून फोडवला, का तर समुद्रावर तीच रीत असते. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारली, बँड वाजला, नाव डौलात निघाली आणि काठापासून हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर जाऊन बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली, जेवायला बसावं तशी. वल्ही चिखलात रुतली, ती निघेनात.

"इंजन किस लिए है? चलाओ!" पाहुणे ओरडले.

नियमाचं सगळ्यांना विस्मरण झालं. ढिल्लोंनी डिझेलकडे झेप घेतली, दहियांनी पेट्रोलकडे. आधी कुणाचं सुरू होतं, यावर दोन राज्यांची अब्रू होती. दोन्ही एकदम सुरू झाली. नाव जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरू लागली आणि प्रत्येक फेऱ्याला चिखलाचा एक फवारा मान्यवरांवर पडू लागला. डिझेलचा धूर आणि पेट्रोलची वाफ यांबाबत दोन्ही सदस्यांनी वर्तवलेली भाकितं तंतोतंत खरी ठरली, एवढं मी सचिव या नात्याने नमूद करतो. कुणी बुडालं नाही. बुडणं तांत्रिकदृष्ट्या शक्यच नव्हतं. पाहुणे सपत्नीक चालत काठावर आले. त्यांचे बूट मात्र आतच राहिले. ते आता तळाच्या शाखेच्या ताब्यात आहेत.

काठावर येताच त्यांनी हुकूम सोडला : हा गाळ काढा! गाळ उपसणारं यंत्र आणा! भनोतसाहेब म्हणाले, "जी, आज ही." आणि अनुभवी समिती आयती तयार असल्याने तिलाच हे काम दिलं. मी हात पुढे केला. त्यांनी खिशातला माझा हुकूम काढला, त्याने तोंडावरचा चिखल पुसला आणि विचारलं, "रत्नपारखी जी, गाद निकालने वाली मशीन का इंजन क्या रखेंगे? पेट्रोल या डीज़ल?"

त्या रात्री पद्मिनीने पानं वाढली. वडिलांना पुन्हा बरं नसल्याचं कळलं होतं. मंजिरी झोपली होती. पद्मिनी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "खरं सांगा. आपण घरी कधी जाणार?"

मी विचार करून म्हणालो, "डिझेल बरं पडेल."

ती उठली, दाराशी गेली आणि ट्रंकांचे दोर सोडू लागली. तेव्हा मला माझं उत्तर ऐकू आलं. मी जेवण टाकून उठलो आणि दुसऱ्या दिवशी भनोतसाहेबांचे अक्षरशः पाय धरले. माणूस वाईट नाही. त्यांचेही डोळे भरले. म्हणाले, तुमच्या जागी दुसरा माणूस द्या आणि खुशाल जा. अट फार नाही. इंजिनाबद्दल त्याचं ठाम मत असावं आणि इतर काही विचारण्याची त्याला सवय नसावी.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. वाचणाऱ्यांतला एक तरी मिळेल, असा हिशेब होता, पण तुम्ही सगळेच मिळालात. ढिल्लोंचं ऐकताना तुम्ही मान डोलावलीत. दहियांचं ऐकताना "हेही खरं" म्हणालात. आणि आता या क्षणी तुमचं मत पक्कं झालेलं आहे, नाही म्हणू नका. पाणी किती, हे पद्मिनीने विचारलं. तुम्ही नाही विचारलंत.

तुमचं नाव मी आज सकाळीच पुढे पाठवलं आहे. आम्ही गुरुवारच्या गाडीने निघतो. येताना स्वेटर आणा, इथली थंडी वाईट असते.