हवालदारांची नवी भरती

आमच्या भिंगारच्या चाळीत कोंबड्याच्या आधी शेजारचे हवालदार आरवायचे. "सावधान! दाहिने मुड!" नवीन आलेला भाडेकरू दचकून उठून बसे. त्याला वाटे, भिंतीपलीकडे पलटण उतरली आहे. पलीकडे एकटे हवालदार असत, खुंटीला टांगलेला आरसा असे, आणि हे हुकूम सुटत ते त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरच्या केसांना.

केस ऐकत नसत.

त्यांचं नाव दामोदर, पण चाळ त्यांना हवालदारच म्हणायची. मिसरूड फुटायच्या सुमाराला फौजेत गेलेला माणूस. तिथून निघाले आणि इथं लष्कराच्या डेपोच्या गोदामावर चौकीदार झाले. मिशा पिळदार, डोकं मात्र पूर्वी कायम भादरलेलं, उन्हात तांब्यासारखं चमकायचं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं. कौसाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बाजारातून मेथी आणायला सांगितली तरी म्हणायचे, "ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

एका वर्षी गणपती उठले आणि हवालदारांनी न्हाव्याकडे जाणं बंद केलं. तेव्हा नगरच्या कॉलेजातली पोरं कानावर केस ठेवू लागली होती. सिनेमातल्या नटांचं वारं होतं ते. पोरांना शोभून दिसायचं. पण चाळिशी उलटलेल्या माणसानं हे काय आरंभलं, ते कुणाला कळेना. विचारलं की एवढंच सांगायचे, "चैत्रात गावाकडं जत्रा हाय. तवर कान झाकलं पायजेत."

गाव त्यांचं कर्जतच्या पुढं. जत्रेला कान कशाला झाकायचे, ते सांगत नसत.

आधी केस साळिंदरासारखे उभे राहिले. टोपी घातली की थोड्या वेळानं ती आपोआप वर उचलली जायची. मग कानांवरचे केस आडवे निघाले, पत्र्याच्या पडवीसारखे. कौसाताई म्हणायच्या, "बरं झालं. पाऊस आला तर कानाखाली हुबं ऱ्हाता येईल."

"हसू नगंस," हवालदार म्हणायचे. "रिक्रूट हायेत. लाइनीत यायला टायम लागतो."

कुणीतरी सांगितलं, साखरेच्या पाण्यानं केस बसतात. बसले. त्याच दुपारी गोदामापाशी मुंग्याही येऊन बसल्या. पहाऱ्यावरचा माणूस जागा सोडत नाही, म्हणून हवालदार ड्यूटी संपेपर्यंत मुंग्यांसकट ताठ उभे राहिले.

त्यानंतर ते आमच्या दारात आले. माझ्या लेकीचे, रंजनाचे, केस विषमज्वरात गळाले होते, म्हणून तिचं डोकं भादरलं होतं. नवे केस वाढताना ते मी कसे चापूनचोपून बसवले, हे कौसाताईंनी पाहिलं होतं. मला परक्या पुरुषाशी बोलायची सवय नव्हती. मी दाराआड, हवालदार अंगणात तुळशीकडे तोंड करून, आणि मध्ये उंबऱ्यात कौसाताई.

"वहिनींना म्हनावं, त्यांचं रिक्रूट लाइनीत कसं आनलं?"

"ताई, त्यांना सांगा," मी हळूच म्हटलं, "न्हाल्यावर केस ओले असतानाच विंचरायचे, बोटाला लावून थोडं खोबरेल, आणि वरून फडकं घट्ट बांधायचं. चहा होईपर्यंत सोडायचं नाही."

"कसलं फडकं म्हनावं?"

"जुन्या लुगड्याचं. मऊ असतं."

"आता तुमीच बोला बाई दोघं," कौसाताई वैतागल्या. "मी काय टपालपेटी हाय का?"

माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी मी त्यांना फाडून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधुक उजेडात, डोक्याला ती पट्टी बांधून हवालदारांनी दुधवाल्याला दार उघडलं. दुधवाला म्हणाला, "मावशी, भांडं आना." मावशीनं मान वर केली. खाली मिशा दिसल्या. त्या दिवशी आमच्या चाळीतली मांजरं पोटभर दूध प्यायली.

पण उपाय लागू पडला. पौषापर्यंत केस बसू लागले आणि वळू लागले. कुरळे होते ते, हे चाळीला तेव्हा कळलं. फक्त मानेवर एक शेपटी फुटली होती. ती तेवढी कापून घ्या, वरचं राहू द्या, असा निरोप मी टपालपेटीतून धाडला.

तिथं घात झाला. डेपोच्या फाटकापाशी बसणाऱ्या न्हाव्यानं जन्मभर शिपायांचीच डोकी केली होती. मानेवर गार मशीन लागली, गुदगुल्या झाल्या, आणि हवालदारांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा मशीन मानेवरून निघून टाळूपर्यंत पोचली होती. डोक्यावर एका बाजूला पायवाट पडली होती.

न्हावी हात जोडून म्हणाला, "सवय हो साहेब. मशीन मानंवर ठिवली की वरच जाती."

हवालदार उठले. घरी आले आणि पायरीवर बसले. कौसाताई पाणवठ्यावर गेल्या होत्या. मी दाराआडून पाहत होते. ते टाळूवरच्या पायवाटेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते, आणि मध्ये कुणी नसतानाही माझ्या तोंडून गेलं, "भावजी, वाढतील की."

"जत्रंपातुर न्हाई वाढायचं, वहिनी." ते तुळशीलाच सांगत होते. "म्हातारीचं डोळं गेलं. मोतीबिंदू. ध्यानात बी आता जुनंच तेवढं ऱ्हायलंय. गेल्या जत्रंला गेलो तर तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरिवला अन् म्हनली, शिपाईदादा, तुमी कुनाकडलं? आमचा दामू भेटतो का वो तुमाला तकडं?"

"आवाजावरून नाही ओळखलं?"

"आवाज फौजंत बदलला. तिच्या दामूचा बारीक हुता." मग म्हणाले, "आईनं मला तुमी म्हनलं, वहिनी. तिच्या हाताला म्हाईत हाय ते त्या पोराचं क्यास. दाट, कुरळं. ते असतं तर म्हनली असती तू."

मी आत गेले, रंजनाच्या डब्यातले चाप घेतले आणि बाहेर आले. उंबरा ओलांडला हे मला मागाहून कळलं. दुसऱ्या बाजूचे केस ओलांडून त्या पायवाटेवर कसे आणायचे आणि कुठं चाप लावायचा, ते मी रंजनाला पुढ्यात बसवून तिच्या डोक्यावर करून दाखवलं.

हवालदार मन लावून पाहत होते. "म्हंजे दुसऱ्या पलटनीतनं कुमक आनायची," ते म्हणाले. "समजलं."

चैत्र आला तोवर कान झाकले गेले होते. पायवाटेवरही गवत आलं होतं. एस्टीच्या वाऱ्यानं कुमक उधळू नये म्हणून हिरवी पट्टी डोक्याला बांधून हवालदार कौसाताईंबरोबर गावी गेले. चाळीतली पोरं फाटकापर्यंत "मावशी, मावशी" करत पोचवायला गेली. हवालदारांनी त्यांना सलाम ठोकला.

परत आले ते डोकं भादरून. पुन्हा तांब्या. चाळ हसून हसून दमली. हवालदारही हसले. मला मात्र कसंतरी झालं. वाटलं, म्हातारीनं ओळखलं नाही.

संध्याकाळी कौसाताई धुतलेली पट्टी परत द्यायला आल्या आणि माझ्या चुलीपाशी टेकल्या.

"वळखलं की!" त्या म्हणाल्या. "हात ठिवला न ठिवला तोच वराडली. दाम्या! मुडद्या, डोस्क्याचं रान केलंस व्हय? शेरडं चरतील त्यात. बोलवा न्हाव्याला, त्याबिगर भाकर न्हाई द्यायची! असं म्हनून ह्यांचा कान जो धरला तो सोडंनाच. ल्हानपनी न्हावी दिसला की पळायचं म्हनं हे."

"मग?"

"मग न्हावी आला. मी म्हनलं, आवो, नगा कापू. कापलं की पुन्यांदा..." कौसाताईंनी पदरानं नाक पुसलं. "तर म्हनत्यात, आईची ऑर्डर हाय. ऑर्डर म्हंजे ऑर्डर. बसलं पोरावानी खाली मान घालून. म्हातारी कान धरून बसलेली, सारखी दाम्या, हलू नगंस, दाम्या, हलू नगंस."

चुलीतलं लाकूड मी उगाच पुढं सारलं.

"झालं कापून. तिनं डोक्यावर हात ठिवला, तसा तिथंच थांबला. कान सोडला, पदर सावरला अन् म्हनली, शिपाईदादा, तुमी बी दोन घास खाऊन घ्या. आमचा दामू आत्ता हितं हुता, कुटं गेला कोन जाने."

"आणि हवालदार?"

"जेवलं. व्हय आई, येईल तो, म्हनलं."

दुसऱ्या दिवशी मी लवकरच जागी झाले आणि भिंतीकडे कान लावून पडून राहिले. कोंबडा आरवला. त्या दिवशी तोच पहिला. मग पलीकडे खुंटीवर आरसा लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, "सावधान!"

मी सडा घालायला बाहेर गेले. हुकूम ऐकायला हवालदारांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. मला पाहून ते जरा ओशाळले.

"नवी भरती हाय, वहिनी," ते म्हणाले. तुळशीला नाही, मला म्हणाले. "फुडल्या चैत्रापातुर तयार व्हतील."

मी घरात गेले, हिरव्या पट्टीची नीट घडी केली आणि त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवली.