बिनधुराची व्हॅन

एका जंगलात, म्हणजे जिथं निदान पाटीवर तरी अजून ‘जंगल’ असं लिहिलेलं होतं तिथं, नागोराव नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याची एक जुनी व्हॅन होती. त्या व्हॅनमध्ये पिल्लं कोंबून तो ती शाळेत पोचवायचा. कोंबून म्हटल्यावर हसू नका मुलांनो, तुम्हीही तसेच जाता.

या व्हॅनच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे, एक डबा होता. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. इंजिनाचा धूर तिच्यातून गेला की त्यातलं बरंचसं विष उतरतं. गाडी जुनी झाली की हा डबा काढून भंगारात विकायचा, अशी जंगलाची रीत होती.

नागोरावचा डबा चोंदला. व्हॅन चढावर धापा टाकू लागली. त्यानं ती मुंगूसमिस्त्रीकडे नेली. मिस्त्री सरपटत गाडीखाली गेला आणि खुशीत बाहेर आला.

“शेठ, डबा गेला. काढून टाकू. त्या जागी साधा पाइप ठोकतो. गाडी कशी भन्नाट पळेल बघा.”

“आणि धूर?”

“तो मागं जातो, शेठ. तुम्ही पुढं बसता.”

नागोरावला हे पटलं. खोटं कशाला बोलू? कुणालाही पटेल असंच होतं ते.

पण त्याच्या व्हॅनमधून बकुळी नावाचं पाडस शाळेत जायचं. बकुळीला दमा होता. जुन्या गाड्यांच्या तळाला भोकं असतात, त्यामुळे मागं जाणारा धूर निम्मा आत येतो. दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसवलं की बकुळीचे ओठ निळे पडायचे. तिची आई, सरू हरिणी, नागोरावकडे आली.

“नागोदादा, एका तुमच्याच गाडीत माझी पोर नीट श्वास घेते. डबा काढू नका हो.”

नागोराव विरघळला. भावनेच्या भरात माणसं चुका करतात, तशी अस्वलंही करतात. हिवाळ्यासाठी साठवलेला मध विकून त्यानं नवा कोरा डबा आणला.

मिस्त्री डब्याकडे बघतच राहिला. “बसवायचा? शेठ, मला फक्त काढता येतो.”

तरी दोघांनी खटपट करून बसवला. दुसऱ्या दिवसापासून बकुळी व्हॅनमध्ये चक्क गाणी म्हणू लागली. बेसूर म्हणायची, पण दम न लागता म्हणायची. नागोरावला फार बरं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण मला पुढची गोष्ट माहीत आहे.

पुढं धूर तपासणी आली. तपासणी केंद्रावर मगरसाहेब बसायचे. धुरानं त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. जंगलाला वाटायचं, साहेब हवेच्या काळजीनं रडताहेत. काम सोपं होतं. गाडी काळा धूर ओकत यायची, साहेब तिच्या नंबराचा फोटो काढायचे आणि कागद हातात द्यायचे. मशिनची नळी आपली खुंटीला टांगलेली असायची. तिच्यात कोळ्याचा संसार होता.

नागोराव छाती फुगवून म्हणाला, “साहेब, माझ्या गाडीला नळी लावाच.”

अशी हौस आजवर कुणी केली नव्हती. साहेबांनी नाइलाजानं कोळ्याला उठवलं आणि नळी लावली. मशिनचा काटा ढिम्म हलेना.

“गाडी चालू कर.”

“चालूच आहे, साहेब.”

“मग धूर कुठाय?”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे? ही धूर तपासणी आहे. तू धूरच आणला नाहीस, तर मी तपासू काय? माझं डोकं?”

“साहेब, नवा डबा बसवलाय ना.”

“अस्सं! म्हणजे धूर डब्यात दडवलायस!”

रांगेतले बाकीचे गाडीवाले खोकत खोकत हसले. साहेबांनी नागोरावची व्हॅन आवारात जमा करून घेतली. “धूर हजर कर आणि गाडी घेऊन जा,” असं त्याला बजावलं.

आता बकुळी माकडाच्या गाडीतून जाऊ लागली. एके दिवशी ती शाळेच्या फाटकातच कोसळली. सरू रडत नागोरावकडे आली.

“दादा, पाया पडते. काय वाट्टेल ते करा, पण तुमची गाडी सोडवा. त्या गाडीत जीव जाईल हो पोरीचा.”

नागोरावनं काय वाट्टेल ते केलं. तो मिस्त्रीला घेऊन केंद्राच्या आवारात गेला. मिस्त्रीनं पापणी लवायच्या आत डबा काढला आणि रीतीप्रमाणे भंगारात विकूनही टाकला. “बघा शेठ, हे काम कसं हातातलं आहे!”

व्हॅन सुरू झाली आणि आवार काळंकुट्ट झालं. मगरसाहेबांचे डोळे भरून आले.

“शाबास! आता कसा नियमात आलास!” असं म्हणत त्यांनी नळीला हातही न लावता कागद दिला. वर मागच्या काचेवर ‘शुद्ध हवा, हाच ध्यास’ असं स्टिकरही चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन सरूच्या दारात उभी राहिली. “नागोमामा आला!” म्हणत बकुळी उडी मारून आत बसली. तिनं गाणं सुरू केलं. पहिली ओळ पुरी झाली नाही, तोच तिला खोकल्याची उबळ आली.

सरूनं मागचा धूर पाहिला.

“दादा, तुमचीसुद्धा?”

“तुझ्या पोरीसाठीच सोडवून आणली गं,” नागोराव म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. खरोखर रडला.

सरूनं बकुळीला उचलून खाली घेतलं आणि घराचं दार लावलं. बकुळी त्यानंतर शाळेत गेली नाही.

झालं. आता डोळे पुसा आणि वहीत लिहून घ्या.

तात्पर्य: सरकारी तपासणीला रिकाम्या हातानं जाऊ नये. थोडा तरी धूर न्यावा.