नव्वदच्या आत

सकाळी सहाला साहेब वजनकाट्यावर उभे राहिले, तेव्हा काट्याने एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम दाखवलं. उतरून पुन्हा चढले तर अठ्ठ्याऐंशी नऊशे. तिसऱ्यांदा त्र्याण्णव. एखादा माणूस दोन मिनिटांत अडीच किलोनं रोडावतो आणि लगेच चार किलोनं फुगतो, ही गोष्ट कुणालाही पटणारी नव्हती, साहेबांना तर नाहीच नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय अजून काट्यावरच होते. काट्याने आणखी दोनशे ग्रॅम वाढवले.

"चोर!" साहेब बाथरूममधून ओरडले.

"कोण?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"हा काटा!"

"बरं," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. सव्वीस वर्षं त्यांनी शहरातल्या तमाम दुकानदारांचे काटे तपासले होते. बाजार त्यांना 'काटेकोर साहेब' म्हणायचा, तोंडावर आदराने आणि पाठीमागे दात-ओठ खाऊन. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं भराभर निघून खिशात जायची. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच पायाखाली, एका काट्याने राजरोस खोटं बोलावं म्हणजे हद्द झाली.

शिवाय प्रश्न नुसत्या इभ्रतीचा नव्हता. साहेबांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "नव्वदच्या आत आलात तरच मी गुडघ्याला हात लावीन. बुधवारी अकराला वजन करू. वर असलात तर पुढची तारीख तीन महिन्यांनी." आता साहेबांचे तीन महिने सोडा, घराचे तीन जिने निघत नव्हते. पाच आठवडे ते उकडलेली कोबी खाऊन राहिले होते आणि त्या कोबीचा राग घरातल्या प्रत्येकावर निघत होता. आज रविवार होता. आपण नव्वदच्या आत आहोत की बाहेर, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी ऑफिसच्या पिशवीतून पाणसळ काढली आणि बाथरूमच्या फरशीवर ठेवली. आतला बुडबुडा एका कडेला पळाला. फरशीला मोरीकडे उतार होता.

"ही फरशी कुणी बसवली?" साहेब गरजले.

"बाबा, बाथरूमला उतार असतोच," कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली. "नाहीतर पाणी कुठं जाणार?"

"पाण्याची वकिली करू नकोस!"

काटा बैठकीत आला. तिथे गालिचा होता. काट्याचे पाय त्यात रुतले आणि साहेबांचं वजन सत्तर भरलं. क्षणभर त्यांना मोह झाला, पण स्वतःच्या पोटाकडे पाहिल्यावर तो टिकला नाही. झोपायच्या खोलीत फरशी मधोमध उचललेली होती. अखेर दोन तास रांगून, कण्हून आणि घर बांधणाऱ्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर साऱ्या घरात एकच सपाट फरशी सापडली. ती ओट्यासमोर होती, अगदी शेगडीपुढे. साहेबांनी तिच्याभोवती खडूने चौकोन आखला आणि मध्ये काटा मांडला.

"या चौकोनात कुणी पाय ठेवायचा नाही."

"मग मी स्वयंपाक कुठून करू? छताला लटकून?" बायकोने विचारलं.

"बुधवारपर्यंत कडेला उभी राहून कर."

"तुमच्या गुडघ्यापायी माझी कंबर जाईल, त्याचं काय?"

"कंबरेला तारीख मिळवावी लागत नाही!"

बायकोने पळी अशी काही आपटली की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते काट्यावर चढले होते. एकोणनव्वद नऊशे. उतरून पुन्हा चढले. एकोणनव्वद नऊशे. पाच वेळा चढले आणि पाचही वेळा काट्याने तोच आकडा दाखवला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच साहेब हसले. सोमवारीही तोच आकडा आला, तेव्हा तर त्यांनी बायकोला "भाजी छान झालीय" असंही सांगून टाकलं. भाजी म्हणजे कोबीच होती.

मंगळवारी मुलगी हातात एक चिठोरं घेऊन आली.

"बाबा, काट्याच्या खोक्यात माहितीपत्रक होतं. रागावू नका."

"मी कशाला रागावेन?"

"यात लिहिलंय की हा काटा आधीचा आकडा लक्षात ठेवतो. फरक अर्ध्या किलोपेक्षा कमी असेल तर नव्याने मोजतच नाही, जुनाच आकडा दाखवतो. लोकांना सारखा वेगळा आकडा दिसला की त्यांची चिडचिड होते म्हणे."

साहेबांनी तांब्यात अर्ध्या किलोपेक्षा कमीच भरेल इतकं पाणी घेतलं, तो हातात धरला आणि काट्यावर चढले. एकोणनव्वद नऊशे. तांब्या खाली ठेवून चढले. एकोणनव्वद नऊशे.

"हा काटा नाही!" त्यांचा आवाज तीन मजले खाली गेला. "हा पढवलेला साक्षीदार आहे! माझी चिडचिड होऊ नये म्हणून खोटं बोलतोय! माझी! मी चिडतो कधी?"

मुलीने चिठोऱ्याची घडी घालून ते परत खोक्यात ठेवलं.

आता साहेबांनी कामाची रीतच घरात आणायची ठरवली. त्यांनी मेहुण्याला फोन केला आणि ऑफिसातून वीस-वीस किलोची चार प्रमाणित वजनं आणायला लावली. घराला लिफ्ट नव्हती. बायकोचा हा धाकटा भाऊ बँकेत कारकून होता आणि पेनापेक्षा जड काही उचलायची त्याला सवय नव्हती. चार वजनं, तीन जिने, चार फेऱ्या. चौथ्या फेरीला तो दारातच बसला.

"दाजी, मला आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय."

"तुटलं असेल तर संध्याकाळी बघू. आधी वजनं चढव."

ऐंशी किलो लोखंड काट्यावर रचलं गेलं. काट्याने अठ्ठ्याहत्तर दोनशे दाखवलं. म्हणजे तो एक किलो आठशे ग्रॅम कमी दाखवत होता. वजनं उतरवल्याबरोबर साहेब चढले. एकोणनव्वद नऊशे. त्यात एक आठशे मिळवा. एक्क्याण्णव सातशे. गणित मुलीने मनात केलं, बायकोने बोटांवर केलं आणि साहेबांनी तीनदा कागदावर केलं. उत्तर बदललं नाही.

त्याच वेळी वजनं दाराकडे नेऊ लागलेल्या मेहुण्याची कंबर धरली. हातातलं वजन सुटलं आणि थेट खडूच्या चौकोनात पडलं. साऱ्या घरातल्या एकमेव सपाट फरशीचे चार तुकडे झाले.

"फरशी!" साहेब किंचाळले.

"माझा भाऊ!" बायको किंचाळली.

त्या दिवशी घरात रागवायचा मान पहिल्यांदाच बायकोला मिळाला आणि तिने सव्वीस वर्षांची थकबाकी वसूल केली. मेहुणा गालिच्यावर पालथा पडून ऐकत होता. साहेबांनी जेवायला नकार दिला. कुणी आग्रहही केला नाही.

बुधवारी अकराला साहेब बायकोच्या खांद्याचा आधार घेत इस्पितळात पोचले. काल दुपारपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तरी फार तर तीन-चारशे ग्रॅम गेले असतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तबकडीचा जुना, उंच काटा उभा होता. साहेब चढण्याआधी सवयीने वाकले. तबकडीची सुई शून्यावर नव्हती, दोन किलो मागे होती. बाजूच्या तपासणीच्या शिक्क्याची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं.

सव्वीस वर्षांचा संताप एकदम घशाशी आला. साहेबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि काट्यावर चढले.

"एकोणनव्वद चारशे," नर्सने वाचलं.

"अहो," बायको कुजबुजली, "तो शिक्का पाहिलात का?"

"शिक्का दुकानदारांना लागतो. हे इस्पितळ आहे."

"आणि ती सुई?"

"तू गप्प बस. सगळीकडे दोष काढायची तुला सवयच लागलीय."



"शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमवलंत की. सोमवारी सकाळी घेऊ." मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "हा आकडा भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. औषध वजनावर ठरतं."

साहेब दारापर्यंत पोचले होते. तिथेच थांबले.

"समजा," त्यांनी अगदी सहज विचारलं, "वजन जास्त असलं आणि कागदावर कमी लिहिलं गेलं, तर?"

"तर मध्येच जागे व्हाल," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

साहेबांना आपला गुडघा उघडा दिसला. त्यात कुणाची तरी हत्यारं दिसली. आणि आपण टक्क जागे होऊन ते बघतोय, हेही दिसलं.

"थांबा!" बाहेर बाकांवर बसलेले रुग्ण दचकून उठले. "तुमचा काटा खोटा आहे! सुई शून्यावर नाही! शिक्का दीड वर्षापूर्वी संपलाय! दोन किलो कमी दाखवतोय, पुरते दोन किलो! माणसांचे जीव टांगणीला लावता आणि साधी सुई बघत नाही? मी निरीक्षक आहे, निरीक्षक!"

डॉक्टरीणबाई उठल्या. वाकून त्यांनी सुई पाहिली, मागचा स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली आणि साहेबांना पुन्हा चढायला सांगितलं. एक्क्याण्णव चारशे. त्यांनी कागदावरचा आकडा खोडला, सोमवारही खोडला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तीन पानं उलटली.

"बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या.

"सांगायलाच हवं होतं," साहेब घाम पुसत म्हणाले. "भुलीचा प्रश्न होता."

"छे हो, मी गंमत केली. दोन किलोनं भुलीत काही फरक पडत नाही," डॉक्टरीणबाई नवी तारीख लिहीत म्हणाल्या. "तारखेत पडतो."